गोणीवाली बाई

दिग्रस
२१ जानेवारी १९६४

प्रिय देवरावदादा,

सत्यशीलाचा जयभीम. तुझा खोकला थांबला का? आईसाठी घेतलेलं लुगडं अजून माझ्याजवळच आहे. कोणी येणारं मिळालं की पाठवते. इकडे कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ते भरून गेले आहेत. माझी तब्येत बरी आहे.

नागपूरच्या प्राध्यापकांबरोबर मी नेमकं काय काम करते, हे तू मागच्या पत्रात विचारलंस आणि मी टाळलं. काम मानसशास्त्राचं. भीतीमुळे पोरांच्या स्मरणावर काय परिणाम होतो, हे साहेबांना मोजायचं होतं. ते सांगत, आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, आणि त्यामुळे जे बदलतं ते परतंत्र चल. भीती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची खूण मोजायची: ऐकवलेल्या शब्दांपैकी पोरांना किती आठवतात. जवळच्या एका खेड्यातली शाळा घेतली. एका वर्गाला घाबरवायचं, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं सारखं.

घाबरवायचं वाक्य साहेबांनी लिहिलं. म्हणायला मला दिलं, कारण पोरं माझं ऐकत. ‘या भागात गोणी घेऊन एक बाई फिरते. ती पोरं पळवते.’

मी ते एका वर्गात म्हटलं, आणि त्या वर्गाला खरंच कमी शब्द आठवले. साहेब खूश झाले. मी म्हटलं, आता पोरांना खरं सांगून टाकू. ते म्हणाले, आठवड्यानं पुन्हा मोजायचं आहे, भीती टिकते का ते पाहू. तोवर बोलायचं नाही.

मी बोलले नाही, दादा.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची बसंतीबाई डिंक विकायला आली. दरवर्षी येते. खांद्यावर गोणी घेऊन शाळेजवळच्या विहिरीवर पाण्याला थांबली. वर्गातली एक पोरगी किंचाळली, मग सगळीच. कापसाची वेचणी टाकून बाया धावत आल्या, माणसं काठ्या घेऊन आली. मी मधे पडले. ते वाक्य माझं होतं, खोटं होतं, म्हणून सांगत राहिले. त्या बायांतल्या रुखमाबाईची मुलगी त्याच वर्गात आहे. रुखमाबाईनं मला हातानं बाजूला सारलं. आवाजात राग नव्हता.

“आता काहून खोटं बोलता बाई? माही पोरगी झोपीत ओरडून राह्यली. ते बी खोटं हाय काय?”

बसंतीबाई जिवंत आहे. यवतमाळच्या दवाखान्यात तिला पाहून आले. डावा डोळा गेला. तिच्या नवऱ्यानं, गुलाबसिंगनं, मला बसायला जागा दिली आणि तोंड फिरवून घेतलं. गावात मात्र म्हणतात, एक सापडली, बाकीच्या फिरून राह्यल्या. पोरी अजून शाळेत येत नाहीत.

साहेबांना सांगितलं. “वाईट झालं,” ते म्हणाले. “पण ती आपल्या प्रयोगात नव्हती.”

मी काम सोडलं, पोलिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात आणि उद्या या म्हणतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. साहेबांना हेच जंगलातल्या पोरांवर करून पाहायचं आहे. माझा भाऊ झरीकडे मास्तर आहे, कोलामांची पोरं त्याच्यावर जीव टाकतात, असं मीच एकदा कौतुकानं बोलून गेले होते. आज सकाळी ते जीपनं तिकडे निघाले.

ते गोड बोलतात. परवानगीचा कागद दाखवतील आणि वाक्य तुझ्या हाती देतील. इथं गोणी होती. तिथं काय असेल मला माहीत नाही. नाव कोणाचंही असो, ते वाक्य म्हणू नकोस. ते आधीच म्हणून झालं असेल तर तसाच कोलामांच्या वस्तीवर, पोडावर जा आणि घरोघर खरं सांग. ऐकणार नाहीत, तरी सांग.

मी स्वतः आले असते, पण जबानी होईपर्यंत मला इथून हलता येत नाही. टपालावर भरवसा नाही, म्हणून हे यवतमाळच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देते. तो पुढच्या गाडीत देईल म्हणाला. जीप रस्त्यात कुठं बंद पडो, अशी इच्छा आयुष्यात पहिल्यांदा करते आहे.

तुझ्या होकाराला भ्यालेली,
तुझी धाकटी बहीण
सत्यशीला