प, ब टाळून लिहिलेली मंगलाष्टकं

३ मे
लाईट पुन्हा गेली. कूलर बंद पडला की बायकोच्या, माधुरीच्या, पापण्या आधी खाली येतात, मग मान, मग आवाज. इंदूरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं: मायस्थेनियात नसेतून निघालेला निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, उष्णता वाढली की आणखीच कमी पोचतो. दुकानातून आलो तर बाई डोळ्यांवर बर्फाचा फडका ठेवून पडलेल्या. फडका काढला, पापण्या वर. म्हणाली, "हं, आता एक दिसताय. मघाशी दोन होते. एकच पुरे."

५ मे
तुकईथडहून तिच्या भावाचा, रमेशचा फोन. त्याच्या मुलीचं, पूजाचं लग्न २१ ला, मुहूर्त दुपारचा. "ताई, तू नको येऊ. उन्हाची लू लागेल तुला. व्हिडिओ कॉल करू ना."
मा. म्हणाली, "मंगलाष्टकं मी म्हणणार. पूजाला सांगून ठेवलंय." फोन बंद. मग माझ्याकडे वळली, भांडायच्या तयारीनेच. मी भांडलो. हरलो.

९ मे
मंगलाष्टकं लिहिणं चालू. आधी कळेना, चांगले शब्द का खोडतेय. 'बाबा' खोडून 'वडील'. 'घर' खोडून 'माहेर'. विचारलं.
"प, ब, ग, घ म्हणताना हवा नाकातून निसटते. म आणि न मात्र नाकातलेच. दुखणं वाढलं तरी ते साथ सोडत नाहीत."
म्हणजे आजाराला कोणती अक्षरं बिघडवता येत नाहीत ते हेरून त्यांचीच गाणी करतेय. एवढी वर्षं शाळेत मराठी शिकवतेय ते उगाच नाही. मला तर साधं बिल लिहिताना चुका होतात.
'शुभ मंगल सावधान' भटजींवर सोपवलंय. फक्त पूजाचं नाव बदलता येत नाही. "निसटलं तर निसटू दे. नाव तिचंच आहे."

१४ मे
बाहेर रस्ता नुसता तापलेला. तालीम रोज पहाटे, गारव्यात. एक कडवं, मग गप्प. दिवसभर बोलणंही मोजकं, आवाज साठवतेय. चहा कोमट करून पिते, पोळी दुधात भिजवून खाते. चावताना जबडा थकतो. कुरकुर नाही. माझीच चालू असते, भाजीत मीठ कमी म्हणून.

२१ मे, तुकईथड
उजाडायच्या आत निघालो. रमेशने केळीच्या बागेत खाट टाकून ठेवली होती. आत खरंच गारवा. मा. तिथेच पडून, मी शेजारी थर्मासात बर्फ घेऊन. मुहूर्ताच्या हिशेबाने स्नायूंना जोर देणारी गोळी घेतली.
आणि वरात येईना. डीजे, भर उन्हात नाच. पोरं मागे हटायला तयार नाहीत. गोळीचा जोर ओसरायला लागला, डावी पापणी खाली. मी म्हटलं, दुसरी घे. "नाही. जास्त झाली तर उलट ताकद जाते." मी वरातीला शिव्या देत होतो. ती डोळे मिटून पडली होती, ओठ हलत होते, आवाज न काढता.

(पुढचं संध्याकाळी लिहितोय)
मांडवात खुर्चीवर बसून म्हटलं. पहिलं कडवं स्वच्छ. रमेशची बायको तिथेच रडायला लागली. दुसऱ्याच्या मध्यावर आवाज चिरकला. मा.ने हात वर केला, थांबा म्हणून. मान खुर्चीच्या पाठीला टेकवली. बर्फाचं पाणी, एकेक घोट. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि 'शुभ मंगल' म्हणायला तोंड उघडलं.
अंतरपाटाआडून पूजा: "महाराज, रुको. आत्याचं संपलं नाहीये."
भटजी थांबले. डीजेवाले सुद्धा. किती वेळ गेला कोण जाणे. मग उरलेल्या ओळी, हळू, जवळजवळ बोलल्यासारख्या. 'पूजा' नाकातून आलं. कुणी हसलं नाही. अक्षता पडल्या.
मी अक्षता टाकायच्या विसरलो. मुठीतच राहिल्या.

२२ मे
किंमत मोजावी लागली. रात्री पाणी नाकातून परत आलं. श्वास उथळ. तिनेच ओळखलं, "आता वाट बघायची नाही. चला." बुऱ्हाणपूरला ॲडमिट. डॉक्टरांना गोळ्यांची नावं, डोस, वेळा सगळं तिनेच सांगितलं, एका एका शब्दाला थांबून.

२६ मे
घरी. मान टिकते आहे. रमेश आला, हात जोडून म्हणतो, "ताई, माझ्यामुळे..." ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही. डीजेमुळे." हसली. हसताना अजून ओठांचे कोपरे वर जात नाहीत, पण मला कळतं.
पूजाचा सासरहून फोन. तिच्या सासूबाईंना कडवी लिहून हवीत. मा. खूश.

२ जून
इंदूरचे डॉक्टर फोनवर: छातीतली एक ग्रंथी काढायचं ऑपरेशन करून बघू. गुण येतो, पण हळूहळू, आणि सगळ्यांनाच येतो असं नाही. श्वासाचा धोका आहे, तशी तयारी ठेवूनच करतील. तारीख हवी तर लवकर कळवा.
मा.ने एवढंच विचारलं, "आवाज?" ते म्हणाले, "वचन देता येणार नाही."
दुपारभर कूलरसमोर बसलो. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"
मी एरवी प्रत्येक गोष्टीत मत देणारा माणूस. म्हटलं, "मला भीती वाटते."
"मलाही," म्हणाली. "इतके दिवस मी एकटीच भीत होते. आता दोघं मिळून भिऊ."
फोन टेबलावर आहे. तारीख कळवायला अजून कुणी उचललेला नाही.