किसनच्या म्हशीचा घसा

नागपूर, मंगळवार, १२ मार्च १९७४

किसन गवळ्याची म्हैस काल मेली. लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं. घशात काही अडकलं असेल म्हणून त्यानं कोपरापर्यंत हात घातला. आपल्याकडे सगळेच घालतात. मीही घातला असता.

आज लकडगंजात चहा पिताना गुरांचे डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, किसनची म्हैस पिसाळलेली होती. मी कान टवकारले. किसनच्या हातावर म्हशीच्या दातांचे ओरखडे मी पाहिले होते ना. त्याला स्कूटरवर बसवून दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर विचारतात, "कुत्रं चावलं का?"

"नाही जी."

म्हणजे ओरखड्यांना टिंक्चर, सुई नाही. म्हैस पिसाळलेली होती हे माझं ऐकीव सांगणं त्यांना पुरेना. गुरांचं खातं वेगळं, माणसांचं वेगळं. कोण कुणाला सांगणार? शेवटी गुरांच्या डॉक्टरांनाच आणून समोर उभं केलं. दोघेही भले, लगेच जमलं. आजवर कुणी भेटवलंच नव्हतं काय?

पोटात सुई घेऊन किसन हसत बाहेर आला.

"काहून हसून राहिला गा?"

"बायकोनंबी हात घातला होता भाऊ. मंग तिलेबी सुई घ्या लागन का?"

मला हसू येईना. तसाच गोठ्यावर गेलो. ती शेण थापत होती. म्हणाली, "मले काय झालं?"

तिलाही नेलं. उद्या शेजारच्या गोठ्यांत विचारायचं, आणखी कुणाचा हात गेला होता का.