माझ्या नावाचं ताट

१२ जाने. २००४, सोमवार
जेवताना सांगून टाकलं, तिथंच चुकलं. दिवसभर हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करते. बावीस वर्षांची मुलगी, सव्वीस वर्षांची मुलगी, एचपीव्ही विषाणू पॉझिटिव्ह, काळजी नको, वर्षाने पुन्हा तपासा. पुढची फाइल. ऐकून ऐकून इतकं साधं वाटायला लागलं की स्वतःचीही तपासणी करून घेतली. पॉझिटिव्ह. वरणभात कालवता कालवता मिलिंदला आणि सासूबाईंना सांगितलं (सासरे बदलीच्या गावी असतात), सर्दी झाली म्हणावं तसं.
मि.ने घास खाली ठेवला. "म्हणजे संबंधातून होतो तोच?" तोच. "कोण होता?"
तीन वर्षं संसार केलेला नवरा हे विचारतो.

१३ जाने.
मि.ला ओढत विद्यानगरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तेलुगू, पण हैदराबादी हिंदी झाडतात. "जवान लड़कियों में ये बहुत कॉमन है बाबू. ज्यादातर का बदन खुदीच साफ कर देता. कब आया, किससे आया, कोई नहीं बता सकते. आपसे भी आया होंगा."
"तो मेरा टेस्ट कर लो."
"मर्दों का टेस्ट नहीं है."
बाहेर पडला तो निर्दोष सुटल्यासारखा. रिक्षात म्हणतो, वर्षाने क्लिअर आलं तर ठीक, नाही तर तुझं तू बघ. माहेरी आई एकटी. बघू कुठे?

१७ जाने.
सा.बा. सुलतान बाजारला जाऊन स्टीलचं ताट, तांब्या घेऊन आल्या. दुकानातच नाव घालून घेतलंय, शुभा. का, तर घासताना घरच्या भांड्यांत मिसळायला नको. भांड्यांनी लागत नाही, डॉक्टर म्हणाल्यात, असं सांगितलं. "त्या काय येणारेत का आमचं सोवळं सांभाळायला?" साबणही वेगळा.

१८ जाने., रवि.
हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत. बायकांना सांगितलं, शुभाची अडचण आहे. दाराच्या फटीतून बघत होते. गल्लीतल्या सगळ्या तरण्या सुना, गजरे, नव्या साड्या. यांच्यातल्या कितीजणींना हाच येऊन गेला असेल, आताही असेल. त्यांना कळलंच नाही म्हणून त्या पवित्र. तिळगूळ घ्या, गोड बोला. फार राग आला.

२ मार्च
स्वयंपाक बंद, म्हणजे माझा. सकाळी सा.बा. कंबर धरून पोळ्या लाटतात, मी पेपर वाचते. दया येत नाही. येत नाही म्हणजे नाही.

१९ जुलै
मि. अजून हॉलमध्येच झोपतो. आज कामावर एक फाइल, चोवीस वर्षांची, नवरा सोबत. डॉक्टरने दोघांना समजावलं, नवऱ्याने एकच विचारलं, हिला दुखेल का? हेडफोन काढून बाथरूममध्ये जाऊन रडले. फाइल उशिरा गेली, बोलणी खाल्ली.

१० जाने. २००५
रिपोर्ट आला. निगेटिव्ह. आपला आपण गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोली थी ना?" बसमध्ये पर्स घट्ट धरून बसले.
घरी पोचते न पोचते तोच सा.बा. "आला का गं? संक्रांत तोंडावर आलीय, मला एकटीला होत नाही. चांगला आला असेल तर डोक्यावरून न्हा आणि आत ये."
परवा येईल म्हटलं.

१२ जाने., बुध.
सकाळी मि. जवळ येऊन बसला, वर्षात पहिल्यांदा. हळू आवाजात, "क्लिअर आलं तर मी काही मनात ठेवणार नाही. झालं गेलं विसरून जाऊ."
मला माफ करणार आहे तो.
दिवसभर तेच डोक्यात. आत गेले की पोळ्या, हळदीकुंकू, त्याची कूस. या घरातल्या प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांचं नाव आहे. माझ्या नावाचं एवढं एकच ताट, तेही विटाळाचं. आत गेले की सा.बा. ते भंगारात देणार.
रात्री दोघं जेवायला बसले. मि.ने दोनदा विचारलं, काय आलं? जेवून सांगते म्हटलं.
मी जेवले, माझं ताट माझं मी घासलं, पुसलं, बॅगेत साड्यांखाली ठेवलं. अजून सांगितलेलं नाही.