नाव घ्यावं लागलं

डोणगाव, सोमवार, दिवेलागण

सोनूच्या बाबाचा मोबाइल आजही चार्जिंगले लावला. काऊन लावला, मलेच समजत नाही.

कोरोनात सरकारनं शेतकऱ्यायच्या खात्यात हप्ता टाकला, तेव्हा हे दवाखान्यात होते आन् मोबाइल घरी. मेसेज आला तशी खुशीत सोनूच्या बाबाले सांगाले माह्या मोबाइलवरून फोन लावला. तो माह्याच हातात वाजला. हे मंग घरी आलेच नाहीत. हप्त्याचा मेसेज मात्र येत राह्यला, यायच्या नावानं. मी तेवढ्यासाठी मोबाइल चालू ठेवला होता.

माणूस गेल्यावर हप्ता बंद करा लागते, म्हणून आज सेतू केंद्रात गेली. तिथली पोरगी म्हणे, "काकू, मयताचं नाव सांगा."

"सोनूचे बाबा," मी म्हटलं.

"तसं नाही चालत. नाव लागते."

लग्नातल्या उखाण्यानंतर मी यायचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. लिहून द्यावं वाटलं, पण तिचं सारं लक्ष कॉम्प्युटरात. शेवटी म्हटलं, "गजानन."

आन् लाजून पटकन मागं वळून पाह्यलं, यायनं ऐकलं तं नाही.