उंबऱ्यावरची राई

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तरी हे पत्र होतंय. शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेतात. मी 'मले' म्हणते, त्या 'मला' लिहितात. फुकटात शुद्ध व्हायला मिळतंय तर होऊन घ्यावं. तुझी पोर आता पुलगावात, लेकाच्या पक्क्या घरात असते. गुडघे गेलेत, खाली बसले की उठवायला माणूस लागतो. जीभ मात्र चालते. म्हणून सून मला फार वेळ कोणाजवळ बसू देत नाही.

आज तुझी हडळ आठवली. हिंगणीकडची आपली वाडी, वांग्याचे वाफे, शेताच्या कडेला धुऱ्यावरची चिंच. दिवस कलला की तू म्हणायचीस, घरात ये, चिंचेवर हडळ बसली आहे. तिचे पाय उलटे, केस मोकळे, नखं कोयत्याएवढी. मी विचारलं होतं, तिला स्वयंपाक करावा लागतो का? तू म्हणालीस नाही. सासू आहे का? नाही. मग रात्रभर करते काय? हसते, म्हणालीस. माय, मला भीती घालायची असेल तर तू फार वाईट घातलीस. मी कितीतरी दिवस उलटी चालायचा सराव करत होते.

आणि आठवली ती शेजारच्या वाडीतली. मी तिला मावशी म्हणायची. मोटेचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्यात तुम्ही दोघी पालकाच्या जुड्या धूत बसायच्या. जुड्या केव्हाच धुऊन व्हायच्या, तुम्ही बसलेल्याच. बाप हाक मारतो, तू 'आली' म्हणतेस आणि हलत नाहीस. ती तुझ्या केसांतलं गवत काढते. तुझं तसलं हसू मी घरात कधी ऐकलं नाही.

ती बाळंतपणात गेली. पोटातलं लेकरूही गेलं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होऊन परत येते, म्हणून तिच्या तिरडीमागे घरापासून शिवेपर्यंत राई टाकत गेले. हडळीला म्हणे दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. वेचता वेचता कोंबडा आरवतो आणि तिला मागं फिरावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला शोधत निघाले, तर तू रस्त्यात उकिडवी बसून मातीतून राई वेचत होतीस. पदरात मूठभर जमली होती. मी विचारलं काय करतेस, तर वर न बघता म्हणालीस, "राई काऊन वाया घालवाची, पोरी? फोडणीले होते."

त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती, माय. मग फोडणी कशाची? पण हे मला आता, म्हातारपणी सुचतंय. सुचवलं नातीनं.

ती नागपूरला इंग्रजी घेऊन एम.ए. शिकली. दोन वर्षं भुतांची पुस्तकं वाचत होती. बापाला वाटलं पोरगी परीक्षेचं वाचते. आणि खरंच तीच तिची परीक्षा होती. मी म्हटलं, भुतांचं शिकायला नागपूर कशाला, मी फुकट शिकवलं असतं. मग तिनं मला सांगितलं. साहेबाच्या देशातलं भूत रक्त पितं, दिवसा निजतं, म्हातारं होत नाही. त्याला कोणी स्थळ आणत नाही. बाईचं भूत बाईवर जीव लावतं, बाप्याचं बाप्यावर. ज्यांचा असला जीव उजेडात लिहायची सोय नव्हती, त्यांना लिहिणाऱ्यांनी सुळे लावले आणि अंधारात मोकळं सोडलं. "म्हणजे दात लावले की चालते?" मी विचारलं. ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, पण आजी, त्याला एक अट असते. घरातल्यानं 'ये' म्हटल्याशिवाय ते भूत उंबरा ओलांडू शकत नाही. मी म्हटलं, भूत बरं मग. आपल्याकडे बाईला 'जा' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

दिवाळीत ती मैत्रिणीला घेऊन आली. लांब वेणीची, कमी बोलणारी पोर. परसात दोघी बादलीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या धूत बसल्या, आणि मला थारोळं दिसलं. जेवण झाल्यावर नातीनं बापाला सरळ सांगितलं, स्थळं पाहू नका, मी हिच्यासोबतच राहणार आहे. (बाईंचं पेन थांबलं. लिहा बाई, तुम्ही मास्तरीण आहात, शब्द तुम्हाला घाबरतील.) लेक ओरडला असता तर बरं होतं. तो कचेरीत बोलतो तसा हळू बोलला: असं असेल तर या घरात येऊ नको. दोघी पोरी चपला घालून निघाल्या. आणि सून रडत रडत कुठल्याशा महाराजाकडे गेली. त्यानं सांगितलं, पोरीला लागीर झालंय. मंतरलेली राई दिली, उंबऱ्यावर टाका, लागलेलं बाहेरच राहील. आता बाहेर कोण राहील, तर माझी नात. लेकाचा असल्यावर विश्वास नाही. पण तोही राई ओलांडून कचेरीत जातो, झाडत नाही.

काल तिचा फोन आला. आजी, तुला पाहावंसं वाटते, म्हणाली. मी म्हटलं, ये ना. ती म्हणाली, "तुझ्या 'ये'नं होत नाही, आजी. ज्याचं घर हाय, त्यानंच म्हणा लागते." फोन धरून मी लेकाकडे पाहिलं. त्यानं पेपर उलटला. सगळा जन्म चार घरांत भाकरी थापल्या मी, माय, आणि माझ्या 'ये'नं कोणी आत येऊ शकेल असं एकही दार नाही.

सकाळी सून न्हाणीत होती, तेव्हा मी उंबऱ्याशी बसले. बसले म्हणजे पडलेच. बोट ओलं करून एकेक दाणा उचलत होते. लेकानं पाहिलं. म्हणाला, आई, काय करून राह्यली तू? तोंडातून आपोआप निघालं, राई काऊन वाया घालवाची, फोडणीले होते. त्यानं काखेत हात घालून मला उचललं, खाटेवर बसवलं. तेवढ्यात सून बाहेर आली, माझी मूठ उघडून बघितली, दाणे घेऊन गेली. मग काय, दुपारच्या वरणात ती राई खरंच तडतडली. लेक दोन वाट्या जेवला.

बाई विचारतात, पाकिटावर पत्ता काय घालू. घडी करून द्या म्हटलं, उशीखाली राहील. मी त्यांना आधी लिहायला सांगणार होते की सगळी राई वेचली. तसं नाही, माय. फटीत बरेच दाणे राहिलेत. तुझे सगळे वेचून झाले होते का? मावशी आली होती का? माझी बोटं तिथवर जात नाहीत. हडळीची नखं गेली असती.