सानगडीचं दुसरं मशीन

११ नोव्हेंबर २०२४
सानगडीच्या गोदामातलं कॉम्प्युटरचं मशीन पुन्हा बंद! आठवड्यात तिसऱ्यांदा. कोणाचं धान कोणत्या दिवशी मोजायचं, ती ३,८४२ शेतकऱ्यांची यादी इथे भंडाऱ्याला बदलली की लगेच तिथेही बदलायला हवी. इथलं मशीन बिघडलं तर तिथल्यावर काम चालावं — म्हणूनच तर ते ठेवलं! आणि गोदामाचे चौकीदार गोमाजी संध्याकाळी सगळी बटनं पाडून घरी जातात.
फोन केला. "मागं वायर जळून पोत्यांचा बारदाना पेटला, तवा तुमी होत्या का म्याडम? मी होतो. बटन चालू ठिऊन मले झोप नाही येत जी."

१३ नोव्हेंबर
सानगडीला जाऊन मशीनवर चिठ्ठी लावली : बंद करू नये.
संध्याकाळी गोमाजींनी माझ्यासमोरच चिठ्ठी अलगद काढली, बटन पाडलं, चिठ्ठी परत लावली.

१४ नोव्हेंबर
व्यवस्थापक भैय्याजींकडे यादीच्या तिसऱ्या प्रतीची सोय मागितली. रोज काढायची, कशालाही न जोडता कपाटात ठेवायची.
"दोन हायेत ना? तिसरी कायले? लोनचं घालता काय?"
म्हटलं, इथे चुकून पुसलं तर तिथलंही पुसलं जातं.
"पुसते कोन? तुमी हा ना!"

१८ नोव्हेंबर
बंद.

१९ नोव्हेंबर
आमच्या खरेदी-विक्री संघाला पत्र दिलं — गोमाजींना सानगडीहून हलवा. सोमवारी धानखरेदी सुरू होतेय. आता पुरे.

२२ नोव्हेंबर
सकाळी ८.४०. सरावाच्या खोट्या नोंदी पुसायला बसले आणि खरी यादी पुसली. मीच! वीस वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावर शून्य शेतकरी. नंबरांच्या चिठ्ठ्या उद्या छापायच्या होत्या. लोकांनी पोती भरून ठेवलीत, आणि कोणाचा नंबर कधी, हे सांगायला कागदाचा कपटा नाही.
सानगडीचं मशीन रात्रीपासून बंद. म्हणजे तिथे यादी आहे! पण गोमाजी नऊला येतात, आल्याबरोबर ते सुरू करतात — मीच बजावलंय. सुरू झालं की तिथलीही जाणार.
८.५६ ला फोन लागला.
"गोमाजी, बटनाला हात लावू नका!"
"कमाल हाय म्याडम! महिनाभर चालू ठेवा म्हनून डोस्कं खाल्लं, अन् आता—"
"आधी मागची निळी वायर उपटा, इकडच्या मशीनला तीच जोडते. मी निघाले."

२३ नोव्हेंबर
सानगडीच्या मशीनवरून यादी उतरवून आणली. ३,८४२. एकही कमी नाही. चिठ्ठ्या छापल्या.
गोमाजींच्या बदलीचं पत्र संघाकडून परत घेतलं. त्याच्याच पाठीवर माझ्या चुकीचा खुलासा लिहून भैय्याजींना दिला.