गोट्याच्या पाठीवरचं टक्कल

सोमवार, दिवेलागणीची वेळ

जीव थाऱ्यावर नाही. नातीच्या, मुक्ताच्या हॅमस्टरचे, गोट्याचे, पाठीवरचे केस आणखी गेलेत. कातडी लाल झालीय, आणि नुसता खाजवत बसतो. इथले गुरांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, आम्ही म्हशीवाले. ह्याला ठाण्याला दाखवा." उद्या मुलगा घेऊन जाणार आहे.

पण झालं कशाने? शेजारच्या पॉवरलूमवरचं वाया गेलेलं सूत मीच आणून पिंजऱ्यात अंथरलं होतं. थंडीत ऊब मिळेल म्हणून. त्याला मशीनचं तेल असणार, हे डोक्यातच आलं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती. की तेलाचं काही नसेलच? आज सगळं सूत काढून कोरे कागद फाडून घातले, तर तो त्यात शिरेना. पाठीवरचं ते टक्कल पुन्हा बघून आले. वाढलंय की मलाच वाटतंय?

शेवटी मुक्ताला सगळं सांगून टाकलं. रागावेल वाटलं होतं. तर म्हणते, "तू मुद्दाम थोडंच केलंस? आणि आजी, तुझेपण केस गेलेत की. तुला कुठे काय झालं?"

हसले खरी. पण माझे वयाने गेले गं बाई. त्याला अजून वर्षही झालेलं नाही.